वाचकांचे प्रश्न : दुकान, दालमिल, मेटॅडोर आणि बायकोचा पगार

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझ्या नावावर कृषी केंद्र आहे. धाकट्या भावासोबत भागीदारीत छोटी दालमिल आहे. एक मेटॅडोर बायकोच्या नावावर घेतला, पैसे मी भरले. दुकानाचा हिशेब तीच पाहते. तिला महिना 15,000 पगार दाखवला तर कर वाचेल, असं गावातले फॉर्म भरणारे म्हणतात. खरं का? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, त्यांचं ऐकू नका. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला मिळालेला पगार आयकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. सूट एकच : तिच्याकडे त्या कामाचं तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण हवं आणि पगार त्याच ज्ञानाचा हवा. म्हणून मी आधी विचारेन, वहिनी काय शिकल्या आहेत? शेतीची पदविका त्यांची असेल आणि बोंडअळीवर कोणतं औषध, एका पंपाला किती, हे त्याच सांगत असतील, तर पगार त्यांचा. नुसत्या हिशेबाचा असेल तर नाही. आणि दुकानाचा नफा तुम्ही उलाढालीच्या 8 टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर 6) धरत असाल, तर पगार वेगळा वजा होतच नाही.

मेटॅडोरचंही तसंच. पैसे तुमचे, म्हणून उत्पन्न तुमचं. 12 टनांपर्यंतच्या गाडीचं महिना 7,500 धरता येतं, म्हणजे वर्षाचे 90,000.

दालमिलच्या नफ्यावर फर्म 30 टक्के कर भरते, तुमच्या वाट्यावर पुन्हा नाही. पण तिथून घेतलेला भागीदाराचा पगार आणि भांडवलावरचं व्याज तुमच्या उत्पन्नात येतं. भागीदारी पत्र काढून बघा. पगार देण्याचं त्यात लिहिलेलं नसेल, तर तो फर्मच्या नफ्यातून वजा होत नाही. हा पगार आणि व्याज मिळून वर्षाला 20,000 च्या वर गेलं, की 1 एप्रिल 2025 पासून फर्मने त्यातून 10 टक्के कर कापायचा आहे.

आता तिन्हींची बेरीज करा. 2025-26 पासून आयकराच्या नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर लागत नाही. तुमची बेरीज त्याच्या आत असेल, तर पगार दाखवून वाचवायचं काय?

माझ्या आईने वडिलांच्या अडतीची खतावणी तीस वर्षं लिहिली. एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं, आणि ते मला आजही खुपतं. वहिनींचं नाव कागदावर यावं असं वाटत असेल, तर त्यांच्या स्वतःच्या पैशाचं, माहेरच्या वावराचं वा बचतीचं, भांडवल घालून त्यांना दालमिलमध्ये भागीदार करा. भावाशी आधी बोला, मग पत्र नव्याने लिहून घ्या.