आईचं हिप रिप्लेसमेंट आहे आणि घर पहिल्या मजल्यावर आहे. जिना किती दिवसांनी चढता येतो?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं, 'नातेवाईक म्हणतात तीन महिने आईला खालीच झोपवा', आणि गॅस बारीक करून लिहायला बसले. त्या नातेवाईकांना सांगा, दवाखान्यातून सोडायच्या आधीच फिजिओथेरपीवाले आईला चार पायऱ्या चढवून-उतरवून बघतील. घरी जिना आहे एवढं त्यांना आधी सांगून ठेवा. माझा डावा खुबा बदलला तेव्हा टाकेसुद्धा निघाले नव्हते आणि मी आमचा जिना चढून माझ्या खोलीत गेले. दिवसांचं राहू द्या, तुमच्या जिन्याला कठडा आहे का ते सांगा.

आमचं घर सोलापुरात, साखर पेठेत. खाली टॉवेलचे माग, वर आम्ही, आणि शेजारच्या खोलीत तयार मालाचे गठ्ठे. धंदा धाकट्या भाऊजींचा, घर दोघा भावांचं, जिना सगळ्यांचा. जिना कसला, दोन भिंतींमधली फट. दगडी, अंधारा, एकेक पायरी नऊ इंचांची. हल्लीच्या बिल्डिंगमध्ये सहा-सात इंचांची असते, त्या मानाने बघा. कठडा नव्हताच. वरच्या कडीला दोर बांधलेला, तो धरून चढायचं. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत दोर धरून चढल्या, हे भाऊजींचं ठरलेलं वाक्य. सासूबाईंचे खुबे त्यांचे स्वतःचे होते, हे त्यांना कोण सांगणार?

आमचे हे होते तेव्हापासून मी पाईप लावा म्हणत होते. भाऊजींचं एकच. "जागा जाते ओ वैनी. गठ्ठे वर कसे न्यायचे? वेल्डिंगच्या टोकांना टॉवेलचे धागे अडकतात." धागे अडकतात हे खरं आहे, पण ग्राइंडर नावाची वस्तू प्रत्येक वेल्डिंगवाल्याकडे असते. घासून दिलं की काही अडकत नाही.

ऑपरेशन सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपल्यावर करायचं ठरलं. त्याआधी मी वेल्डिंगवाल्याला माप घ्यायला बोलावलं, तर भाऊजींनी त्याला खालच्या खालीच परत पाठवलं. वर मला सल्ला, "तीन महिने पुण्याला लेकीकडे जा, लिफ्ट आहे." लिफ्ट आहे, लेकही गुणाची आहे. पण आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी कोण भरणार? आणि खरं सांगते, मी तीन महिने बाहेर राहिले असते तर माझ्या खोलीत गठ्ठे लागले असते. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

दवाखान्यात फिजिओची मुलगी आली. वयाने माझ्या नातीएवढी, पण काय दरारा! म्हणाली, "आजी, घरी जिन्यात धरायला काय आहे?" मी म्हटलं, दोर आहे. तिने वहीच मिटली. म्हणाली, दोर हलतो, हात डोक्याच्या वर ताणून धरावा लागतो, आणि ओढला की अंग फिरतं. नव्या खुब्यावर उभं राहून अंग पिळणं हेच तर सुरुवातीला टाळायचं असतं, नाहीतर गोळा वाटीतून निसटायची भीती. नेमके तेव्हाच भाऊजी डबा घेऊन आले होते. माझ्या सांगण्याला वर्षानुवर्षं मान हलली नाही, तिच्या चार वाक्यांना हलली. पोराने त्याच संध्याकाळी वेल्डिंगवाला गाठला.

तुम्ही बसवणार असाल तर दीड इंची गोल पाईप घ्या, म्हणजे मूठ पूर्ण मिटते. भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवा, बोटं घासत नाहीत. पाईप शेवटच्या पायरीवर संपवू नका, वर आणि खाली फूटभर पुढे काढा, कारण तोल जातो तो नेमका शेवटच्या पायरीला. आमच्यासारखी मातीची भिंत असेल तर तिच्यात बोल्ट टिकत नाहीत, पायऱ्यांतच खांब रोवावे लागतात. दोन्ही बाजूंना बसवता आला तर उत्तम. एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या हातात काठी.

चढताना चांगला पाय आधी वर, मग ऑपरेशनचा आणि त्याच्याबरोबर काठी. उतरताना आधी काठी, मग ऑपरेशनचा, मग चांगला. कारण सोपं आहे. चढताना वरच्या पायरीवरचा पाय अख्खं अंग उचलतो, आणि उतरताना मागे राहिलेला पाय अंग अलगद खाली सोडतो. दोन्ही वेळा कष्टाचं काम चांगल्या पायाला. एका पायरीवर दोन्ही पाय टेकले की मगच पुढची. एकाआड एक पाय टाकत चढायचं ते फिजिओ सांगेल तेव्हाच. बरोबरचं माणूस चढताना मागे एक पायरी खाली, उतरताना पुढे खाली. दंडाला धरून वर ओढणारे मदतनीस घरात फार असतात, त्यांना चहा करायला पाठवा.

लोक चढायला घाबरतात. मला विचाराल तर उतरणं अवघड. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला आधी पायऱ्या उतराव्या लागतात आणि चढण परतीला येते. बरी झाल्यावर गेले, तेव्हा मला घाम फुटला तो जातानाच.

वॉकर घेऊन जिना चढायचा नाही, कुणी कितीही सांगो. दोन वॉकर आणा, एक वर, एक खाली. भाड्यानेही मिळतात. स्लीपर बंद, मागे पट्टा असलेली चप्पल. साडीपेक्षा घोट्याच्या वर राहणारा गाऊन बरा. आणि 'खालीच झोपवा' म्हणणाऱ्यांना विचारा, खाली कमोड आहे का? आमच्याकडे खाली बसायचा संडास होता आणि झोपायला जमिनीवरची गादी. खुब्याला दोन्ही वर्ज्य. म्हणजे जिना वाचवायचा आणि बाकी सगळं मोडायचं, असला सल्ला.

भाऊजी आता स्वतः पाईप धरून चढतात. विचारलं तर म्हणतात, कामगारांसाठी बरं पडलं. बिलाचे अर्धे पैसे अजून दिलेले नाहीत. म्हणून खर्चाचं ऑपरेशनच्या आधी बोलून घ्या.

एक राहिलंच. माझा सांधा झिजलेला होता, पडून मोडलेला नव्हता. आईचं हाड मोडलं असेल किंवा डॉक्टरांनी त्या पायावर पूर्ण भार देऊ नका म्हटलं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ते सांगतील तसंच करा. पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला तर जिन्याचा विचार सोडा आणि सरळ दवाखाना गाठा. सुरुवातीला दिवसातून एकदाच वर-खाली पुरे.

आणि जिन्याचा फोटो टाका, पायरीची उंची मोजून. पाईप कुठे बसेल ते सांगते.