डबा सगळ्यांबरोबर, इंजेक्शन मात्र बाथरूममध्ये

ताई, मी अकरावीत आहे. दोन वर्षांपूर्वी टाइप वन मधुमेह निघाला. नव्या कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नाही. डब्याआधी बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिनचं पेन टोचून येते. मैत्रिणी वडापाव खायला निघाल्या की मला घाम फुटतो, छाती धडधडते. म्हणून जातच नाही. गेलेच तर इन्सुलिन चुकवते. मावशी म्हणते, बाहेर कळलं तर तुझं लग्न जमायचं नाही.
– एक मुलगी, सोलापूर

प्रिय मुली,

आधी रागावून घेते. इन्सुलिन चुकवायचं नाही. रक्तात किटोन नावाची आम्लं साचली तर आयसीयूत जायची वेळ येते, आणि मग सगळ्या कॉलेजला कळतंच! वडापावला किती युनिट घ्यायचे ते डॉक्टरांना विचार. त्यांना हा प्रश्न नवा नसतो.

आता तो घाम आणि ती धडधड. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की असंच होतं आणि घाबरल्यावरही असंच होतं, कारण दोन्ही वेळा शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं. म्हणून अंदाज बांधू नकोस, ग्लुकोमीटर लाव. साखर कमी निघाली तर तीन चमचे साखर पाण्यातून घे आणि पंधरा मिनिटांनी परत तपास. आकडा ठीक असेल तर ती नुसती भीती. ती टाळत गेलीस की वाढते. पण एकदम घोळक्यात नको, आधी एकाच मैत्रिणीबरोबर जा.

आणि तिला सांगून टाक. अख्ख्या वर्गाला सांगायची सक्ती नाही, पण एकीला माहीत हवंच. साखर फार उतरली तर तुझं तुलाच धड बोलता येणार नाही. "माझ्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून टोचून घेते. मी थरथरायला लागले तर साखर दे. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नकोस, दवाखान्यात ने." एवढं पुरे. "खूप गोड खायचीस का गं?" असं ती विचारेल, सगळेच विचारतात. तुझ्याच प्रतिकारशक्तीनं स्वादुपिंडातल्या पेशी मारल्या, त्यात लाडवांचा काही दोष नाही, असं सांग.

बाथरूमही सोड. १९२२ साली टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन घेणारा रुग्ण चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याआधी या आजारात मुलं वाचतच नसत. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

मावशींची काळजी मायेचीच, पण सोळाव्या वर्षी स्थळाचा विचार कशाला? पुढे कधी लग्न ठरवशील तेव्हा समोरच्याला आधीच सांग.

महिनाभरात भीती कमी झाली नाही तर साखरेच्या डॉक्टरांना तीही सांग. किंवा १४४१६ला फोन कर. टेली मानसची ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा मोफत आहे.

– ताई