खरकट्यातून हायड्रोजन, पण घर तारण ठेवून?

पत्र: आमची कोल्हापुरात खानावळ आहे. मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खरकट्यावर शेवाळ वाढवून त्यातून हायड्रोजन इंधन काढतात, असं तिच्या वाचनात आलं. आता परदेशात त्याच विषयात एम.एस्सी. करायचा तिने हट्ट धरलाय. एजंटाने तीस लाखांचा आकडा सांगितला. त्यासाठी घर तारण ठेवावं लागेल. यात पुढे नोकरी आहे का?

उत्तर: घर तारण ठेवू नका. पण विषय सोड, असंही तिला सांगू नका.

शेवाळ हायड्रोजन सोडतं, हे हान्स गाफ्रॉन यांनी शिकागोत 1942 सालीच दाखवलं होतं. मग इतक्या वर्षांत त्यावर गाड्या का धावत नाहीत? शेवाळातलं जे विकर (एन्झाइम) हायड्रोजन बनवतं, ते ऑक्सिजन लागला की बंद पडतं. आणि उजेडात ऑक्सिजन सोडतं कोण, तर तेच शेवाळ. स्वतःच चूल पेटवायची आणि स्वतःच तिच्यावर पाणी ओतायचं! 2000 साली बर्कलीच्या अनास्तासिओस मेलिस आणि सहकाऱ्यांनी क्लॅमिडोमोनास या शेवाळाला गंधकाविना ठेवून हा पेच थोडा सोडवला. तेव्हा काही दिवस हायड्रोजन निघत राहिला. पण उपाशी ठेवलेला गडी किती दिवस राबणार? गाडं अजून प्रयोगशाळेच्या फारसं पुढे गेलेलं नाही.

खरकट्याचा भाग मुलीच्या जास्त कामाचा आहे. शेवाळ भात-भाकरी थेट खात नाही. आधी जिवाणू हवाबंद टाकीत ते आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडसारखी आम्लं मिळतात. त्या आंबट पाण्यावर मग शेवाळ पोसता येतं. म्हणजे पहिला हायड्रोजन जिवाणूंचा, आणि जिवाणू हा तर तिचाच विषय.

तुम्ही हिशेबातले आहात, म्हणून हिशेबच मांडतो. या आंबवण्यात एक किलो ग्लुकोजमधून जास्तीत जास्त 44 ग्रॅम हायड्रोजन निघू शकतो, तोही कागदावर. खरकट्यात तीन-चतुर्थांश पाणी धरा. उरलेलं सगळं साखर-पिष्ट आहे असं मानलं, तरी 100 किलोंमागे जेमतेम एक किलो हायड्रोजन. त्यावर फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवून चालणारी मोटार साधारण 100 किलोमीटर जाईल. तुमच्या रश्श्याचा तेलकट तवंग तर यात फारसा उपयोगाचाही नाही. खरं काम भात-भाकरीचं. याउलट खरकट्याचा बायोगॅस आज चालतो. पुण्याच्या आरती संस्थेच्या घरगुती संयंत्राला 2006 साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला, आणि इंदूरला रोज 550 टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प 2022 पासून आहे.

केंद्राच्या हरित हायड्रोजन मिशनचे 19,744 कोटी एजंटाने तुम्हाला ऐकवले असतीलच. त्यातला मोठा भर विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढण्यावर आहे. तिथे केमिकल, इलेक्ट्रिकल, मटेरियल्सवाले लागतात. जाहिरातीत ‘हायड्रोजन’ दिसला म्हणून मायक्रोबायोलॉजीची जागा असेलच असं नाही.

म्हणून तिने ‘शेवाळ-हायड्रोजन’ या नावाची पदवी शोधण्यापेक्षा टाकी चालवायला शिकावं: फर्मेंटेशन म्हणजे आंबवणं, आणि बायोप्रोसेस म्हणजे जिवाणूंकडून मोठ्या प्रमाणावर माल काढून घेणं. पीएच (आंबटपणाचं माप) का घसरला, फेस का आला, नको तो जिवाणू कुठून शिरला, हे ओळखणारा माणूस लस, एन्झाइम, इथेनॉल, सांडपाणी, बायोगॅस, सगळीकडे लागतो. कोल्हापूर-सांगलीच्या साखरपट्ट्यात डिस्टिलऱ्या तर तुमच्या दारातच आहेत. हायड्रोजनचे दिवस आले, तर त्या टाकीलाही हाच माणूस लागेल.

तिसऱ्या वर्षी तिने आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि गॅट-बी, या देशातल्याच एम.एस्सी.च्या दोन्ही प्रवेश परीक्षा द्याव्यात. गणित सुटलं असेल तर आत्तापासून थोडं हाती घ्यावं, कारण बायोप्रोसेसमध्ये ते टाळता येत नाही. सुट्टीत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रकल्पासाठी विचारावं. तिथे शेतातल्या काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढण्यावर काम झालंय. नकार आला तर पुन्हा विचारावं, एवढी चिकाटी तरी हवीच. परदेशी जायचं तर एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ला जावं. विज्ञानातल्या पीएच.डी.ला बऱ्याच ठिकाणी पगार किंवा शिष्यवृत्ती असते. तिथे आपण पैसे भरत नाही, ते आपल्याला देतात. एजंट हे सांगणार नाही, त्याचं कमिशन बुडतं.

आणि तिची ओढ खरी आहे का, हे खानावळीतच कळेल. महिनाभर तिला रोजचं खरकटं तोलू द्या, भात-भाकरी वेगळी आणि रस्सा वेगळा. एका बादलीत थोडं आंबवून कॉलेजच्या पीएच पट्टीने रोज मोजून वहीत लिहू द्या. वास सहन करून महिनाभर वही भरली, तर जॅमच्या फॉर्मचे पैसे निर्धास्त भरा. फक्त बादलीचं झाकण घट्ट लावू नका आणि ती भटारखान्यापासून लांब, उघड्यावर ठेवा. त्यातून निघणारा वायू पेट घेतो.