पनीर खाल्लं, पोट बिघडलं, आता दुकानदारावर केस कशी टाकायची?

प्रश्न : इंदूरला सुदामानगरमध्ये राहतो आम्ही. नातवाच्या वाढदिवसाला जवळच्याच एका डेअरीतून सुटं पनीर आणलं, कितीही शिजवा, रबरासारखंच. रात्री चार-पाच जणांना उलट्या-जुलाब, सुनेला सलाईन लावावं लागलं. उरलेल्या कच्च्या तुकड्यावर मुलाने आयोडीन टाकलं तर काळंनिळं! दुकानात जाब विचारला तर म्हणतो, "माताजी, पूरा मोहल्ला यही ले जाता है." तुकडा फ्रीजमध्ये जपून ठेवलाय. ह्याला जेलमध्ये पाठवायचंय, काय करू?

उत्तर : काकू, राग अगदी बरोबर आहे, पण तो फ्रीजमधला तुकडा केसमध्ये फारसा कामाचा नाही. त्याचा वकील पहिलं हेच विचारणार की हे माझ्याच दुकानातलं कशावरून. कायद्याला चालतं ते सॅम्पल फूड इन्स्पेक्टर, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकारी, दुकानात जाऊन घेतो, चार भाग करून सील लावतो, त्यातला एक सरकारी लॅबला जातो आणि रिपोर्ट १४ दिवसांत यायला हवा. म्हणून घरी प्रयोग करत बसण्यापेक्षा तक्रार लगेच करा, फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर नाहीतर मध्य प्रदेशच्या सीएम हेल्पलाइनवर, म्हणजे १८१ वर, माल दुकानात आहे तोवर. गाजावाजा मात्र नको, तुम्ही दुकानात जाऊन भांडलात तिथेच तो सावध झाला असेल.

स्वतःच सॅम्पल तपासून घ्यायचं असेल तर तीही सोय आहे, अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४०. फक्त विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे (मग तो कोणतं पनीर काढून देईल ते सांगायला नकोच). फी आधी तुम्ही भरायची, माल खोटा निघाला तर ती परत मिळते.

आता जेलचं. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे आणि त्यात सगळ्या भेसळीला एकच शिक्षा नाही. आयोडीनने काळंनिळं झालं म्हणजे स्टार्च आहे एवढंच कळतं. कच्चा तुकडा होता हे बरं, भाजीतला असता तर ग्रेव्हीतल्या कॉर्नफ्लोअरनेही तसाच झाला असता. आणि पामतेलाचं पनीर आयोडीनला हूं की चूं करत नाही. रिपोर्टमध्ये नुसतं 'सब-स्टँडर्ड', म्हणजे ठरलेल्या दर्जापेक्षा कमी, असं आलं तर प्रकरण अपर कलेक्टरसमोर जातं आणि ५ लाखांपर्यंत दंड होतो, जेल नाही. 'अनसेफ', म्हणजे खायला घातक, असं आलं तरच फौजदारी केस, आणि तीही अन्न सुरक्षा आयुक्तांची परवानगी मिळाल्यावर कोर्टात जाते. खाणाऱ्याला गंभीर इजा झाली असेल तर ६ वर्षांपर्यंत कैद, कोणी दगावलं तर कमीत कमी ७ वर्षं, जन्मठेपसुद्धा. पोलीस ठाण्यात चकरा मारू नका, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९ (अनसेफ मालाच्या शिक्षेचं) जिथे लागू होतं तिथे आयपीसीची भेसळीची जुनी कलमं चालत नाहीत.

माझं स्पष्ट मत सांगू? जेलपेक्षा भरपाईच्या मागे लागा. सुनेचे हॉस्पिटलचे कागद, सलाईनचं बिल, डॉक्टरने 'फूड पॉइझनिंग' लिहून दिलेली चिठ्ठी, हे सगळं एका फाइलमध्ये लावा. कलम ६५ मध्ये इजेसाठी १ लाखापर्यंत आणि गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत भरपाई आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा, तिथे २ वर्षांची मुदत आणि एवढ्याशा खरेदीला फी शून्य. पनीरचं बिल घेतलंत का ते काही लिहिलं नाहीत. ऑनलाइन पैसे दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

प्रश्न : मल्हारगंजला माझं किराणा दुकान आहे. कंपनीच्या सीलबंद तुपाचं सॅम्पल फेल झालं आणि नोटीस मला! मी तर पाकीट उघडलंही नव्हतं.

उत्तर : दादा, आधी तारीख बघा. रिपोर्ट हातात पडल्यापासून ३० दिवसांत डेझिग्नेटेड ऑफिसरकडे, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे, अपील करता येतं, मग सॅम्पलचा दुसरा भाग फेरतपासणीला रेफरल लॅबला पाठवायचा की नाही ते तो ठरवतो. हे ३० दिवस बहुतेक दुकानदार 'बघू, बघू' करत घालवतात आणि मग वकिलाकडे धावतात. दुसरं, सप्लायरचं पक्कं बिल शोधा, कायद्यात बिल हीच गॅरंटी धरली जाते. माल जसा आला तसाच विकला, नीट ठेवला होता, एक्सपायरी झालेली नव्हती, भेसळीचा संशय यायचं कारण नव्हतं, एवढं दाखवता आलं तर बचाव चांगला आहे आणि नोटिशीचं तोंड कंपनीकडे वळवता येतं. सियागंजच्या घाऊक बाजारातून कच्च्या चिठ्ठीवर माल उचलला असेल तर अवघड आहे, चिठ्ठीवर सप्लायरचं धड नावही नसतं, तुम्ही बोट कोणाकडे दाखवणार? आणि डब्यातून सुटं तूप मोजून देत असाल तर त्या तुपाला हा सीलबंद मालाचा बचाव टिकणं अवघड, तिथे बोट तुमच्याकडेच येतं.