टेरिटोरियल आर्मी : घर, धंदा आणि पलटण

टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टी.ए.: आपापला कामधंदा सांभाळून गरजेला वर्दी घालणाऱ्यांचे सैन्य. तिच्याविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरे देत आहेत तिच्या पायदळ पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार.

टी.ए. इंग्रजांनी सुरू केली की आपण? शाळेत मुलांनी विचारलं आणि मी अडखळले.
– एक शिक्षिका, सातारा

बाई, दोन्ही खरं आहे. इंग्रजांनी १९२०मध्ये कायदा केला आणि दोन वेगळे भाग पाडले. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी ऑक्झिलरी फोर्स, आपल्या लोकांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. देश तोच, पण माणसाच्या कातडीप्रमाणे सैन्य वेगळं. मुलांना हे जरूर सांगा. स्वातंत्र्यानंतर १९४८चा कायदा आला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी आजच्या टी.ए.चं उद्घाटन केलं. तोच दिवस आम्ही टी.ए. दिवस म्हणून पाळतो. ब्रीद आहे ‘सावधानी व शूरता’. १९६२, १९६५ आणि १९७१, तिन्ही लढायांत टी.ए.चे जवान होते. आपल्या भागात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या पलटणी आहेत: पुण्याची १०१ आणि कोल्हापूरला टेंबलाईच्या टेकडीवरची १०९.

टी.ए.चे जवान झाडं लावतात म्हणे. मग ते सैनिक कसले?
– एक वाचक, जालना

भाऊ, हा प्रश्न मला टोचला, म्हणून नीट सांगतो. चुनखडीच्या खाणींनी मसुरीच्या टेकड्या बोडक्या केल्या, तेव्हा १९८२च्या डिसेंबरात गढवाल रायफल्सची १२७ इको पलटण, म्हणजे झाडं लावून उजाड जमीन सावरणारी टी.ए.ची पलटण, डेहराडूनला उभी राहिली. पाठोपाठ राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या वाळूत १२८ आली. तुमच्या मराठवाड्यातही २०१७पासून महार रेजिमेंटची १३६ इको पलटण आहे. या पलटणींत बहुतेक माजी सैनिक असतात. आयुष्याची वर्षं सरहद्दीवर घालवून आलेला माणूस उन्हाळ्यात रोपाला पाणी घालतो, गुरं हाकतो, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावतो. दुष्काळ जालन्याला नवा नाही, तुम्हीच सांगा हे काम छोटं आहे का.

माझं वय २३. सैन्यभरतीत दोनदा धावण्यात पास झालो, लेखीत राहिलो. टी.ए.त गेलो तर पुढे कायमची नोकरी होते का? घरी दोन एकर कोरडवाहू शेती आहे.
– एक वाचक, कागल

बाळा, आधी कडू ते ऐक. नाही होत. टी.ए. ही कायमची नोकरी नाही, आणि कुणी पैसे घेऊन तसं सांगत असेल तर त्याच्या दारात उभा राहू नकोस.

पायदळ पलटणीत वर्षाला साधारण दोन महिने ट्रेनिंग. वर्दीत जितके दिवस, तितक्याच दिवसांचा पगार. बाकीचे महिने तू घरी. सरकारला गरज लागली की पलटण ‘एम्बॉडी’ होते. मग पगार, शिस्त, धोका, सगळं कायम सैनिकासारखं. गरज सरली की ‘डिसएम्बॉडी’, म्हणजे ट्रंक उचलून घरी. मे २०२५मध्ये केंद्राने टी.ए.ला बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले, तेव्हा ३२ पायदळ पलटणींपैकी १४ कामाला लावायची परवानगी होती. पेन्शन हवी असेल, तर जवानाची एम्बॉडी सेवाच १५ वर्षं भरावी लागते. घरी बसलेले महिने त्यात धरत नाहीत.

मी साखर कारखान्यात फिटर होतो. उन्हाळी कॅम्प असला की अडचण यायची नाही, गळीत बंद असायचं. एका वर्षी मात्र ऐन हंगामात एम्बॉडीचा हुकूम आला. मिल हाऊसचा साहेब म्हणाला, परत आलास तर जागा असेल असं धरू नकोस. रात्रभर झोप लागली नाही, धाकटी तेव्हा तीन महिन्यांची होती. पलटणीतून कारखान्याला पत्र गेलं: टी.ए.त बोलावलेल्या माणसाला परत कामावर घेणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. अडीच वर्षं काश्मीरमध्ये काढून आलो. माझ्या पान्यांवर दुसऱ्याचं नाव कोरलेलं होतं, जागा मात्र माझीच होती.

आमच्या सेक्शनमध्ये तुझ्याएवढा एक पोरगा होता. पहाडात माझ्या दुप्पट चालायचा, नेम असा की उस्ताद त्याच्याकडून दाखवून घ्यायचे. डिसएम्बॉडी झालो त्या दिवशी आम्ही मिरजेला उतरलो. सगळे एसटीकडे पळाले, हा ट्रंकेवर बसून राहिला. विचारलं तर म्हणाला, घरी जाऊन करू काय, उद्या सकाळी उठायचं कशासाठी? त्याला ना जमीन होती, ना काम. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याजवळ बसलो. आजही भरतीच्या रांगेत पोरं दिसली की तो प्लॅटफॉर्म आठवतो.

म्हणून टी.ए. नको असं मी म्हणत नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली माणसं मला तिथंच भेटली. पण ती तिथं आली होती ती मागे वावर, दुकान, गॅरेज सोडून, आणि परत त्यातच गेली. तू आधी त्या दोन एकरांत पाण्याची सोय बघ. विहिरीचं, शेततळ्याचं जे जमेल ते कर. धावणं सोडू नकोस. टी.ए.ची वयोमर्यादा ४२ आहे आणि तू २३चा आहेस.