‘विलोम संख्या’ म्हणावं का?

साताऱ्याहून विचारणा आली आहे : नव्या गाडीला ४५५४ नंबर मिळाला. उलटा वाचला तरी तोच. अशा संख्येला ‘विलोम संख्या’ म्हटलं तर चालेल का?

चालेल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘लोम’ म्हणजे अंगावरचा केस. केसांच्या दिशेने हात फिरवला की अनुलोम, उलटा फिरवला की विलोम. त्या हिशेबाने १२३ ची विलोम संख्या ३२१. उलटून वाचलं एवढंच त्या शब्दात आलं; उलटूनही काही बदललं नाही, हे कुठे आलं? मी ‘समविलोम’ म्हणतो. शब्द माझाच आहे, पटला तर घ्या. ‘मांडूळ संख्या’ही सुचली होती, पण ते बिचारं खरं दुतोंडी नसतंच.

आता तुमचा नंबर मोठ्याने वाचा. गाडीचा नंबर आपण जोडीजोडीने म्हणतो : पंचेचाळीस चोपन्न. मराठीत एकक आधी येतो, म्हणून पाटीवर ४-५-५-४ असलं तरी कानावर ‘पंचे-चाळीस, चो-पन्न’, म्हणजे ५-४-४-५ पडतं. क्रम वेगळा, पण तोही समविलोमच! मात्र ‘चार हजार पाचशे चोपन्न’ म्हणालात की ४-५-४-५ झालं, गंमत संपली. ‘रामाला भाला मारा’ कसंही म्हणा, उलटसुलट तेच राहतं. संख्येचा हा गुण मात्र लिहिलेल्या अंकांत असतो, तिच्या नावात नाही.

आणि ४५५४ ला ११ ने भाग जातो : ४१४ वेळा. अंकांची संख्या सम असेल तर प्रत्येक समविलोम संख्येला तो जातोच. ११ च्या कसोटीत एकाआड एक अंक मिळवायचे आणि वजा करायचे. इथे प्रत्येक अंकाचा जोडीदार नेमका विरुद्ध चिन्हाच्या जागी बसतो. ४−५+५−४, शून्य. तुमच्या पाटीवर आधीच एमएच ११ आहे, हा निव्वळ योगायोग.

म्हणूनच ११ सोडली तर समविलोम मूळ संख्येतल्या अंकांची संख्या विषमच असते. १, मग तेरा शून्यं, मग ६६६, पुन्हा तेरा शून्यं आणि १ : ही ३१ अंकी संख्या मूळ आहे. पण अंकांची संख्या विषम म्हणजे ११ ने भाग जाणारच नाही, असं समजू नका. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हा गुणाकार दिला आहे. उत्तर अकरा अंकी, आणि ते म्हणजे सहा एकांच्या, ११११११ या संख्येचा वर्ग. तिला ११ ने भाग जातो, म्हणून वर्गाला १२१ नेही जातो. एकपासून सहापर्यंत चढते आणि त्याच क्रमाने उतरते, असं या अकरा अंकी संख्येचं वर्णन त्यांनी केलं. अशा काही गुणाकारांना ते गळ्यातल्या हाराची उपमा देतात, ‘कंठिका’ म्हणतात. ‘समविलोम’ त्यापुढे फारच कोरडा वाटतो, हे कबूल.