वाचक विचारतात : आवाज एकाच कानात का येतो?

प्रश्न : ताई, आत्याची तासाभराची मुलाखत रेकॉर्ड केली. एकच माईक होता, तो ऑडिओ इंटरफेसला (माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीला) जोडला होता आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. आता हेडफोन लावून ऐकतोय तर आत्या फक्त डाव्या कानात बोलते, उजवीकडे चिडीचूप. मित्र म्हणतो, सरळ 'मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो' कर. करू का? की पुन्हा सगळं रेकॉर्ड करावं लागेल?

उत्तर : पुन्हा रेकॉर्ड मुळीच करू नका. माणूस पहिल्यांदा जे मोकळेपणाने बोलतो ते दुसऱ्यांदा तसं येत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तर आत्याचा शब्दन् शब्द फाइलमध्ये शाबूत असणार. आधी मूळ फाइलची एक प्रत काढून बाजूला ठेवा आणि मगच पुढचं करा.

आता कानांपेक्षा डोळ्यांचं काम. स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा ठेवणाऱ्या ट्रॅकमध्ये एकाखाली एक दोन पट्ट्या दिसतात. वरची डाव्या चॅनेलची, खालची उजव्या. वर आवाजाचे चढउतार आणि खाली नुसती सरळ रेघ असेल, तर उजवीकडे काही नोंदलंच गेलेलं नाही. इंटरफेसला सहसा दोन इनपुट असतात. सॉफ्टवेअर स्टिरिओवर असलं की पहिल्या इनपुटचा आवाज डावीकडे जातो, दुसऱ्याचा उजवीकडे. तुमचा माईक पहिल्यात होता, दुसरं इनपुट रिकामं, आणि त्या रिकामेपणाचीच इमानदारीने नोंद झाली.

ट्रॅकच्या नावावर क्लिक केलं की मेन्यू उघडतो. त्यात 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' निवडा. दोन सुटे मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचे ट्रॅक होतील, त्यातला रिकामा काढून टाका. उरलेला आवाज दोन्ही कानांत, बरोबर मधोमध येईल. त्याच मेन्यूत 'स्प्लिट स्टिरिओ ट्रॅक' असाही पर्याय आहे आणि गडबडीत बरेच जण तोच दाबतात. त्यानेही ट्रॅक सुटे होतात, पण वरचा डावीकडेच खिळलेला राहतो. मग वाटतं, एवढं करूनही काही झालं नाही! तसं झालं असेल तर ट्रॅकच्या डाव्या बाजूचा पॅन स्लायडर (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारी खूण) मध्यावर आणा.

मित्राचा सल्ला चुकीचा नाही, पण इथे मी तो मानणार नाही. मिक्स करताना दोन्ही चॅनेलची सरासरी निघते. एक बाजू रिकामी असली की आत्याच्या आवाजाच्या लाटेची उंची निम्मी होते, म्हणजे आवाज ६ डेसिबल हळू होतो. शिवाय रिकाम्या इनपुटमध्ये बारीक खरखर असेल तर तीही त्यात मिसळते. चांगल्या आवाजात खरखर कशाला घालायची?

पण समजा, पट्ट्या दोन्ही भरलेल्या दिसल्या आणि तरीही एकच कान वाजतोय, तर फाइलला हातसुद्धा लावू नका. पॅन स्लायडर मध्यावर आहे ना ते पाहा आणि प्लेबॅक मीटरकडे बघा. डावी-उजवी दोन्ही पट्टे नाचत असतील तर सॉफ्टवेअर आपलं काम चोख करतंय, आवाज त्याच्या पुढे कुठेतरी अडतोय. खात्री हवी असेल तर ट्रॅकच्या मेन्यूतलं 'स्वॅप स्टिरिओ चॅनेल्स' करून बघा. अदलाबदल करूनही हेडफोनची तीच बाजू मुकी राहिली, तर दोष हेडफोनचा, वायरचा किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगचा. (अदलाबदल परत पूर्ववत करायला विसरू नका.) दुसरा हेडफोन लावून पाहा, पिन शेवटपर्यंत आत गेली आहे का ते पाहा, आणि विंडोज असो वा मॅक, साउंडच्या सेटिंगमधला डावा-उजवा बॅलन्स तपासा. तो स्लायडर एका टोकाला सरकलेला असला तर ऑडॅसिटीत कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

पुढच्या वेळी माईक एकच असेल तर सुरुवातीलाच रेकॉर्डिंग मोनोवर ठेवा आणि दोन वाक्यं बोलून, ऐकून मगच मुलाखत सुरू करा.

प्रश्न : मी स्टेजवर वापरतात तसला मोठा माईक एका केबलने थेट कॅमेऱ्याच्या माईक सॉकेटमध्ये लावला. एडिटिंग करताना हेडफोनवर सगळं ऐकू येत होतं. व्हिडिओ पाठवल्यावर मैत्रिणीने कळवलं की तिच्या फोनवर माझा आवाजच नाही, हेडफोन लावल्यावर येतो. फोन तिचा खराब की फाइल माझी?

उत्तर : फोन ठणठणीत आहे. तुमच्या पत्राला मला मुद्दाम जास्त जागा द्यायची आहे, कारण हा दोष हेडफोनवर काम करणाऱ्याच्या लक्षातच येत नाही आणि रेकॉर्डिंग लोकांपर्यंत पोचल्यावर उघडा पडतो.

स्टेजच्या माईकला तीन पिना असतात. एक अर्थिंगची, उरलेल्या दोघींवर एकच आवाज येतो, पण एकमेकींच्या उलट. वाटेत वायरीत शिरलेली घरघर इंटरफेसला वजा करता यावी म्हणून ही सोय. तुमच्या केबलच्या दुसऱ्या टोकाला मात्र ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन आहे. कॅमेऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याने सुलटा आवाज डावीकडे नोंदला, उलटा उजवीकडे.

हे प्रत्यक्ष पाहा. एखाद्या शब्दावर जाऊन झूम करत राहा, अगदी एकेक लाट सुटी दिसेपर्यंत. वरच्या पट्टीत रेषा जिथे चढते, नेमकी तिथेच खालची उतरते. तळ्याकाठचं झाड आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब, तसं. आता या दोघांची बेरीज केली तर? शून्य. एकच स्पीकर असलेला फोन हीच बेरीज करतो. हेडफोनमध्ये बेरीज होत नाही, एका कानात एक आणि दुसऱ्यात दुसरा, म्हणून आवाज येतो. पण नीट ऐका : तो डोक्याच्या मधोमध बसत नाही, कानांच्या बाहेर कुठेतरी तरंगतो आणि पोकळ वाटतो.

एफएम रेडिओच्या स्टिरिओ प्रसारणातही डाव्या-उजव्याची बेरीज वेगळी आणि वजाबाकी वेगळी पाठवतात, मोनो संचाला फक्त बेरीज मिळते. म्हणजे तुमची फाइल तशीच प्रसारित झाली तर तिथेही बोलणं गायबच होईल. हेडफोनची पिन अर्धवट बसली की गाण्यातला गायक नाहीसा होतो आणि मागची वाद्यं तेवढी ऐकू येतात, त्याचंही कारण हेच. अर्थिंगचा संपर्क तुटतो, कानावर नुसती वजाबाकी येते, आणि गायक दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने वजा होऊन जातो.

तुमच्यापुरता इलाज सोपा आहे. 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा आणि दोनपैकी एक ट्रॅक काढून टाका. दोन्हींत तुमचाच आवाज आहे, गमावण्यासारखं काही नाही. दोन वेगळे माईक वापरून केलेलं खरंखुरं स्टिरिओ रेकॉर्डिंग असेल आणि त्यातला एक उलटा जोडला गेला असेल, तर मात्र काढू नका. तेवढ्या एका ट्रॅकवर इफेक्ट मेन्यूतलं 'इन्व्हर्ट' चालवा, मग 'मेक स्टिरिओ ट्रॅक'ने दोन्ही पुन्हा जोडा.

दोन माईकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते, तिला इन्व्हर्टचा उतारा चालत नाही. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक माईक दुसऱ्यापेक्षा मीटरभर लांब असेल तर त्याच्याकडे शब्द जवळपास ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मोनो केल्यावर काही स्वर एकमेकांना खातात, काही फुगतात, आणि बोलणं पाइपातून आल्यासारखं लागतं. अशा वेळी उशिराचा ट्रॅक झूम करून तेवढा डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे सरकवा. बोलणारी व्यक्ती एकच असेल तर मी जवळचा माईक ठेवते आणि लांबचा बंद करते.

फाइल पाठवण्याआधी एकदा मोनोत ऐकाच. विंडोज, मॅक आणि फोन, सगळीकडे ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओचं बटण असतं. ऐकून झालं की ते बंद करा, नाहीतर पुढचं सगळं एडिटिंग मोनोतच ऐकत बसाल.

प्रश्न : ब्लूटूथ हेडफोनवर ट्रॅक छान स्टिरिओ ऐकू येतो. रेकॉर्डचं बटण दाबलं की लगेच सगळं मोनो आणि टेलिफोनसारखं. असं का?

उत्तर : तुम्ही रेकॉर्डिंगलाही त्याच हेडफोनचा माईक निवडला आहे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकायची आणि बोलायची व्यवस्था वेगवेगळी असते. माईक चालू झाला की हेडफोन बोलण्याच्या व्यवस्थेवर जातो आणि ती मोनो असते. ऑडॅसिटीच्या ऑडिओ सेटअपमध्ये रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉपचा किंवा वेगळा माईक निवडा, प्लेबॅकला ब्लूटूथ चालेल. मात्र जुन्या ट्रॅकच्या जोडीने गायचं असेल तर वायरचाच हेडफोन घ्या, कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही तालाच्या मागे पडाल.